कीडनिवारणाचा खरा जमाखर्च

गेल्या दिवाळींत गांवीं गेलों असतां पुतण्यानें शेतीच्या खर्चाची वही माझ्यापुढें आणून ठेवली. आमची सात एकर वडिलोपार्जित जमीन यवतमाळ जिल्ह्यांत आहे. मी नोकरीनिमित्त आयुष्यभर परगांवीं राहिलों. जमिनीकडे प्रथम थोरल्या बंधूंनीं व त्यांच्यामागें त्यांच्या मुलानें पाहिलें. बत्तीस वर्षें शाळेंत अंकगणित व संस्कृत शिकविल्यामुळें वहीची बेरीज तपासून देणें, एवढें एकच काम मजकडे चालत आलें आहे. बेरीज बिनचूक होती. बियाणें, खत, निंदणी, औषधें, फवारणीची मजुरी, वेचणी, गाडीभाडें, सर्व रकमा जेथल्या तेथें होत्या. तरीहि वही मिटतांना मनांत असें आलें कीं, हा हिशोब बरोबर असला तरी खरा नाहीं. बरोबर आणि खरा यांतील हा भेद वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रस्तुत विषय शेतकऱ्यांचा आहे, त्याचें आपणांस काय, असा प्रश्न कोणी करील. परंतु देवापुढील वातीपासून अंगावरील वस्त्रापर्यंत कापूस ज्यांच्या घरांत नित्य आहे, त्यांनीं तो कोणत्या मोलानें घरांत येतो हें जाणून घेणें गैर नव्हे. शिवाय आपल्यापैकीं अनेक कुटुंबांची थोडीबहुत जमीन अजून गांवाकडे आहे. ती मक्त्यानें अथवा बटाईनें दिलेली असते, आणि वर्षाकाठीं तिचा हिशोब कोणी तरी आपणांस सांगत असतो. तो ऐकतांना काय विचारावें, हें तरी आपणांस ठाऊक असलें पाहिजे.

आपल्या पूर्वजांनीं पिकांवरील संकटांना 'ईति' असें नांव दिलें आहे. अतिवृष्टि, अनावृष्टि, उंदीर, टोळ, पोपट आणि शेजारचे राजे अशा त्या सहा गणल्या जातात. या यादींत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. साहीहि संकटें बाहेरून येणारीं आहेत. शेतकऱ्यानें स्वतःच्या हातानें ओढवून घेतलेलें एकहि त्यांत नाहीं. कपाशीच्या गेल्या सत्तरपंचाहत्तर वर्षांच्या इतिहासानें या यादींत सातव्याची भर घातली आहे.

शत्रूची ओळख

कपाशीवरील किडींचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग रस शोषणाऱ्यांचा : मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी. दुसरा वर्ग बोंडें पोखरणाऱ्या अळ्यांचा : हिरवी अथवा अमेरिकन बोंडअळी, ठिपक्यांची बोंडअळी आणि शेंदरी बोंडअळी, जिला हल्लीं गुलाबी बोंडअळी असेंहि म्हणतात. या शेवटच्या अळीचें नातें आपल्या देशाशीं फार जुनें आहे. १८४२ सालीं भडोचच्या बाजूस तिनें कपाशीचा नाश केल्याची नोंद झाली, आणि १८४३ सालीं साँडर्स नांवाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें.

शेंदरी बोंडअळीची रीत समजली कीं पुढील सारा हिशोब समजतो. तिचा पतंग रात्रीं कळ्यांवर, फुलांवर व कोवळ्या बोंडांवर अंडीं घालतो. चारपांच दिवसांत अंडें फुटतें आणि सुतासारखी बारीक अळी लागलीच कळींत किंवा बोंडांत शिरते. जें छिद्र पाडून ती शिरते तें पुढें बुजून जातें. बाहेरून बोंड हिरवेंगार व निकोप दिसतें; आंत अळी सरकी खात असते. फुलांत शिरली असेल तर पाकळ्या उमलत नाहींत, एकमेकींस चिकटून राहतात. अशा फुलास आमच्याकडे 'डोमकळी' म्हणतात. बोंड फुटल्यावर त्यांतून शुभ्र कापसाऐवजीं डागाळलेली कवडी निघते, आणि तिला बाजारांत कोणी धड भाव देत नाहीं.

याचा अर्थ असा कीं, अळी उघड्यावर सांपडण्याचा काळ अगदीं थोडा असतो. ती एकदां बोंडांत गेली कीं वरून कितीहि जालीम औषध मारलें तरी तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. मग त्या औषधावर घातलेला पैसा अक्षरशः पाण्यांत जातो.

बाटलीचा उघड खर्च

आतां औषधाचा हिशोब पाहूं. बाटलीवर किंमत छापलेली असते, आणि शेतकरी तीच औषधाची किंमत समजतो. परंतु वाढलेल्या कपाशीला एकरीं सुमारें दोनशें लिटर पाण्यांत औषध मिसळून फवारावें लागतें. पाठीवरचा पंप साधारण पंधरा लिटरांचा असतो. म्हणजे एका एकराला तो तेराचौदा वेळां भरावा लागतो, आणि तितक्याच वेळां पंधरा किलोंचें ओझें पाठीवर घेऊन छातीइतक्या उंच कपाशींतून चालावें लागतें. हंगामांत पांचसहा फवारण्या होणें ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नाहीं. सहा फवारण्यांचें पाणी एकरीं बाराशें लिटर झालें. तें विहिरीवरून अथवा नाल्यावरून आणणें, पिंपांत ओतणें, औषध कालविणें, फवारणें, यांची मजुरी मिळविली कीं बाटलीवरच्या छापील किंमतीस बराच मोठा शेपटा जोडला जातो.

एवढा खर्च मात्र वहींत येतो. शेतकरी त्याबद्दल कुरकुरतो, पण त्याला तो दिसतो. जो खर्च वहींत येत नाहीं, तोच अधिक विचार करण्याजोगा आहे. त्याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण आपल्या देशांतलें नाहीं. तें दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाचें आहे. कापूस पिकविणाऱ्या प्रत्येकानें तें एकदां तरी ऐकावें, म्हणून येथें थोडें विस्तारानें सांगतों.

कान्येतेच्या खोऱ्याची गोष्ट

पेरूच्या पश्चिम किनाऱ्यावर, लिमा शहराच्या दक्षिणेस, कान्येते नांवाचें खोरें आहे. भोंवतीं ओसाड वाळवंट आणि मध्यें नदीच्या पाण्यावर भिजणारी हिरवी शेतें, अशी तेथील रचना आहे. त्यामुळें एका खोऱ्यांतील घडामोडींचा दुसऱ्या खोऱ्याशीं फारसा संपर्क येत नाहीं, आणि येथें जें घडलें त्याचीं कारणें शोधणें शास्त्रज्ञांस सोपें गेलें. येथील शेतकरी सधन व सुशिक्षित होते. १९४९ सालीं किडीनें पीक बुडविलें, आणि तेथील मंडळींनीं नव्यानेंच निघालेलीं डी. डी. टी., बी. एच. सी. व टॉक्साफेन हीं औषधें जोरानें वापरण्यास आरंभ केला. डी. डी. टी.चा कीटकनाशक गुण स्वित्झर्लंडच्या पॉल म्यूलर यांनीं १९३९ सालीं शोधून काढला होता, व त्याबद्दल १९४८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकहि मिळालें होतें. अर्थात् या औषधांवर अविश्वास दाखविण्याचें कांहींच कारण कोणास दिसलें नाहीं.

आरंभीं फळ उत्तम मिळालें. १९५० सालीं हेक्टरीं सुमारें ४९४ किलो रुई होत असे, ती १९५४ सालीं सुमारें ७२८ किलोंवर गेली. उत्साह इतका वाढला कीं, विमानांतून औषध फवारतांना अडथळा होतो म्हणून शेतांतलीं झाडें तोडण्यांत आलीं. झाडें गेलीं तसे त्यांवर बसणारे पक्षी गेले. औषधांनीं अपायकारक कीटक मेले, तसे त्या कीटकांना खाणारे कीटकहि मेले. मग १९५२ च्या सुमारास बी. एच. सी.नें मावा मरेनासा झाला. १९५४ सालीं टॉक्साफेन पानें खाणाऱ्या अळीवर चालेनासें झालें. पूर्वीं ज्यांची कोणी दखलहि घेत नसे असे कीटक नव्यानें पिकावर तुटून पडूं लागले, कारण त्यांस आवर घालणारे कोणी उरलेच नव्हते. आठपंधरा दिवसांनीं होणाऱ्या फवारण्या तीन तीन दिवसांवर आल्या. आणि १९५६ सालीं, म्हणजे औषधाचा खर्च सर्वांत अधिक झाला त्याच सुमारास, पीक हेक्टरीं सुमारें ३३२ किलोंपर्यंत खालीं आलें.

अखेर खोऱ्यांतील शेतकऱ्यांनीं एकत्र बसून नियम केले. नव्या संयुक्त औषधांचा वापर बंद केला. मित्रकीटक बाहेरून आणून शेतांत सोडले. पेरणीच्या तारखा सर्वांनीं एक केल्या. दोन पिकांच्या मध्यें शेतें मोकळीं ठेविलीं. थोड्याच वर्षांत पीक सावरलें, आणि पूर्वीच्या उच्चांकासहि मागें टाकून गेलें.

या गोष्टींत मला जें महत्त्वाचें वाटतें तें असें. पहिल्या चारपांच वर्षांचा हिशोब कोणी तपासला असता तर औषध हाच स्वस्त उपाय ठरला असता, आणि बेरजेंत एका पैचीहि चूक सांपडली नसती. परंतु प्रत्येक फवारणीबरोबर शेतकरी आपल्या शेतांतील फुकट राबणारे चाकर मारीत होता, आणि त्यांची किंमत कोणत्याहि रकान्यांत लिहिलेली नव्हती. भांडवल खाऊन त्यालाच नफा म्हणण्याचा हा प्रकार होता.

आपल्याकडचा अनुभव

कान्येतेचा धडा आपण वेळेवर घेतला असें म्हणतां येत नाहीं. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशांत लागवडीखालील जमिनीपैकीं सुमारें पांच टक्के जमीन कपाशीखालीं होती. पण शेतीसाठीं वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपैकीं जवळजवळ निम्मीं त्या एका पिकावर खर्च होत असत. १९८७–८८ सालीं आंध्र प्रदेशांत अमेरिकन बोंडअळी व पांढरी माशी यांनीं फवारण्यांना दाद न देतां कपाशीचा फडशा पाडला, आणि कर्जानें खचलेल्या कित्येक शेतकऱ्यांनीं प्राण दिले.

मार्च २००२ मध्यें सरकारनें बी. टी. कपाशीस परवानगी दिली. मातींत राहणाऱ्या एका जीवाणूचा अळीनाशक गुण यांत झाडाच्या बीजांतच उतरविलेला असतो. २००६ सालीं त्याची दोन जनुकांची सुधारलेली जात आली. पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकन बोंडअळीचा जोर ओसरला व तिच्यावरच्या फवारण्या पुष्कळ कमी झाल्या, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. परंतु खर्चाच्या दृष्टीनें येथें एक गोष्ट बदलली. औषध निदान कीड दिसल्यावर घेतां येतें. येथें कीड येवो अथवा न येवो, तिच्या बंदोबस्ताची किंमत पेरणीपूर्वींच बियाण्याबरोबर भरावी लागते. त्यांतून रस शोषणाऱ्या किडींवर या गुणाचा कांहींच परिणाम होत नाहीं. शिवाय शेताच्या कडेला साध्या कपाशीच्या ओळी लावाव्या, म्हणजे अळीची सहनशक्ति लवकर वाढणार नाहीं, असा नियम होता; तो फार थोड्यांनीं पाळला. पुढें शेंदरी बोंडअळीनें प्रथम एका जनुकास व नंतर दोहोंसहि न जुमानण्याची शक्ति कमावली. २०१७ सालीं महाराष्ट्रांत तिनें जो हाहाकार केला तो सर्वांच्या स्मरणांत आहे.

त्याच वर्षींच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत दुसरी एक भयंकर गोष्ट घडली. कपाशी त्या वर्षीं माणसाच्या उंचीइतकी वाढली होती. किडी आटोक्यांत येईनात म्हणून दोनतीन औषधें एकत्र कालवून फवारण्यांत येत होतीं. नव्या धर्तीच्या पंपांतून उडणारे बारीक तुषार तोंडावर येत होते. वीसहून अधिक शेतकरी व मजूर विषबाधेनें मृत्यूमुखीं पडले आणि शेंकडों दवाखान्यांत पडून राहिले. सरकारनें चौकशी केली, कांहीं औषधांच्या विक्रीवर कांहीं काळ बंदी घातली.

आमच्या शेतावर फवारणीस येणारा मजूर त्या शेंकडोंपैकीं एक होता. दोन दिवस त्यानें लागोपाठ पंप चालविला. हातांत मोजे नव्हते, तोंडाला फडकें बांधलेलें, अंगांतला सदरा औषधानें भिजलेला. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्याला समोरचें अंधुक दिसूं लागलें, उलट्या सुरू झाल्या. तालुक्याच्या गांवीं दवाखान्यांत तो आठ दिवस होता. वांचला, परंतु दृष्टीचा अधूपणा व अंगाची कांपरी पुष्कळ महिने गेली नाहीं, आणि तो पूर्ण मजुरीचें काम करूं शकला नाहीं. पुतण्यानें दवाखान्याचा खर्च केला, बायकोच्या हातीं कांहीं रक्कमहि दिली. त्या रकमेविषयीं पुढें लिहितों.

मित्रकीटकांचा खर्च

आतां दुसरी बाजू पाहूं. निसर्गांत प्रत्येक किडीला कोणी तरी शत्रु असतोच. ढालकिडा व क्रायसोपाची अळी मावा खातात. कोळी, गांधीलमाशा व पक्षी अळ्या टिपतात. हे चाकर बिनपगारी आहेत. त्यांना चवळी किंवा मका यांची एखादी ओळ बांधाला लावून दिली कीं आसरा मिळतो, आणि शेतांत टी आकाराच्या काठ्या रोविल्या कीं पक्ष्यांना बसावयास जागा होते.

कपाशीच्या बोंडअळ्यांकरितां विशेष उपयोगी पडणारा कीटक म्हणजे ट्रायकोग्रामा. ही सुमारें अर्धा मिलिमीटर लांबीची, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी माशी आहे. ती पतंगाच्या अंड्यांत आपलें अंडें घालते. तिची अळी तें अंडें आंतूनच खाऊन टाकते आणि आठदहा दिवसांत त्यांतून बोंडअळीऐवजीं नवी ट्रायकोग्रामा बाहेर पडते. वर जो थोडा काळ सांगितला, अळी बोंडांत शिरण्यापूर्वींचा, नेमका तोच ही माशी साधते. औषधाला जें करतां येत नाहीं तें ती करते, कारण ती शत्रूला दारांत गांठीत नाहीं, पाळण्यांतच गांठते.

प्रयोगशाळांत भरड ज्वारीवर धान्यांतील एक पतंग वाढवितात. त्याचीं अंडीं जाड कागदावर चिकटवितात, आणि त्यांवर ट्रायकोग्रामा सोडतात. यालाच ट्रायकोकार्ड म्हणतात. एका कार्डावर सुमारें वीस हजार अंडीं असतात. शेंदरी बोंडअळीसाठीं ट्रायकोग्रामाच्याच कुळांतील एक जात हेक्टरीं दीड लाख, म्हणजे एकरीं तीन कार्डें, या प्रमाणांत सोडावी अशी शिफारस आहे. कार्डाचे तुकडे करून ते पानांच्या खालच्या बाजूस सकाळीं लवकर किंवा संध्याकाळीं टोंचावयाचे, एवढेंच काम. बाराशें लिटर पाणी नको, पंप नको, तोंडाला फडकें नको. तीन कार्डें सदऱ्याच्या खिशांत मावतात. त्यांची किंमत एका फवारणीच्या मजुरीहून सहसा फार अधिक नसते. मात्र आठदहा दिवसांच्या अंतरानें तीं पुन्हां लावावीं लागतात.

एवढें वाचून कोणी म्हणेल, मग सारे शेतकरी हाच मार्ग कां धरीत नाहींत? ते कांहीं मूर्ख नाहींत. या मार्गालाहि खर्च आहे; तो निराळ्या नाण्यांत द्यावा लागतो, इतकेंच.

पहिलें नाणें वेळेचें. कार्ड हें नाशिवंत आहे. तें प्रयोगशाळेंतून निघालें कीं थोड्या दिवसांत लावलेंच पाहिजे; उन्हांत राहिलें, उशीर झाला, कीं माशा वाटेंतच निघून जातात. बाटली फळीवर वर्षभर राहते.

दुसरें नाणें डोळ्यांचें. पतंग केव्हां आले हें कळल्यावांचून कार्डें लावण्यांत अर्थ नाहीं. त्यासाठीं एकरीं दोन कामगंध सापळे लावावे लागतात. सापळ्यांत मादीचा कृत्रिम गंध ठेवलेला असतो. त्याला भुलून नर पतंग येऊन अडकतात. लागोपाठ तीन रात्रीं एका सापळ्यांत आठ किंवा अधिक पतंग सांपडले तर धोक्याची सूचना समजावी. तसेंच एकरांतून वीस हिरवीं बोंडें तोडून फोडून पाहावीं. दोहोंत अळी निघाली तर दहा टक्के नुकसान झालें, आणि तेव्हां औषधाचा विचार करावा. या तपासणीस पैसा पडत नाहीं, पण आठवड्यांतून एक सकाळ मोडते.

तिसरें नाणें श्रमाचें. निंबोळीचा पांच टक्के अर्क पुष्कळ किडींस आवर घालतो, व मित्रकीटकांस त्यापासून फारसा अपाय नाहीं. परंतु शंभर लिटरांस पांच किलो, म्हणजे एकरीं दोनशें लिटरांस दहा किलो निंबोळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस वेंचून, वाळवून ठेवाव्या लागतात. त्या कुटून रात्रभर भिजत घालाव्या लागतात. फवारण्याची मेहनत औषधाइतकीच पडते. निंबोळी फुकट मिळते म्हणून अर्क फुकट होतो असें समजूं नये.

चौथें नाणें सर्वांत दुर्मिळ : शेजाऱ्याची साथ. माझ्या शेतांत मीं ट्रायकोग्रामा सोडली आणि शेजाऱ्यानें त्याच दिवशीं जालीम औषध फवारलें, तर वाऱ्यानें येणाऱ्या तुषारांनीं माझें भांडवल मरतें. मीं दिवाळीनंतर कपाशी उपटली आणि शेजाऱ्यानें पाणी देऊन फाल्गुनापर्यंत फरदड ठेविली, तर अळीला तेथें घर मिळतें आणि पुढच्या वर्षीं ती माझ्याकडे येते. डिसेंबरअखेर कपाशी काढून टाकणें हा शेंदरी बोंडअळीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. परंतु फरदडीच्या दोन वेचण्या ज्याच्या घरचा उन्हाळा चालवितात, त्याच्या दृष्टीनें तो स्वस्त नाहीं. पऱ्हाट्या सरपण म्हणून घरामागें रचून ठेवल्या तर त्यांतल्या किडक्या बोंडांतहि अळी सुप्त राहते. आणि पऱ्हाट्या जाळून टाका असें सांगणाऱ्यानें त्या घरची चूल कशावर पेटेल हेंहि सांगितलें पाहिजे.

म्हणून हें काम एकट्याचें नव्हे, गांवाचें आहे. कान्येतेचें खोरें सावरलें तें सर्वांनीं मिळून नियम केले म्हणून. आपल्याकडे नांदेड जिल्ह्यांतील आष्टा या गांवीं १९९८ पासून एकात्मिक कीडव्यवस्थापनाच्या राष्ट्रीय केंद्रानें जो प्रयोग केला, त्यांतहि एखादें शेत न घेतां सारें गांव घेतलें होतें. त्यांतील मर्म हेंच.

उधारीची गोष्ट

हें सर्व मीं पुतण्यास मोठ्या उत्साहानें सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, "काका, तुमचें खरें आहे. पण बाटली उधार मिळते, कार्ड उधार मिळत नाहीं."

या एका वाक्यानें माझ्या अर्ध्या विद्वत्तेचा निकाल लागला. आषाढांत शेतकऱ्याच्या हातीं रोकड नसते. औषधांचा दुकानदार कापूस विकल्यावर पैसे घेतो. त्याच्याजवळच उधारी असते आणि सल्लाहि त्याच्याचजवळ मिळतो. जो माल विकावयाचा त्याचाच सल्ला द्यावयाचा, ही व्यवस्था कितीहि सज्जन दुकानदार असला तरी चांगली नव्हे. कार्डें बहुधा कृषि विद्यापीठांच्या अथवा शासनाच्या प्रयोगशाळेंतून, आधीं सांगून, रोख पैसे मोजून आणावीं लागतात. आणि ती जागा बहुधा दूर असते. स्वस्त वस्तु रोखीनें आणि महाग वस्तु उधारीनें मिळत असेल, तर गरीब मनुष्य महाग वस्तूच घेणार. त्याला दोष देण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

तरीहि गेल्या हंगामांत सातांपैकीं दोन एकरांत आम्हीं हा मार्ग धरून पाहिला. सापळे लावले, कार्डें टोंचलीं, निंबोळीचा अर्क केला. तुडतुडे वाढल्यामुळें एकदां औषध मारावें लागलें. तें बोंडें धरण्यापूर्वींच आटोपलें. शेजारच्या फरदडीनें थोडा त्रास दिला. एकंदरींत त्या दोन एकरांतील औषधाची व पाण्याची खेप बरीच वांचली, आणि पुतण्याचा वेळ बराच गेला. एका शेताच्या एका वर्षावरून सिद्धांत काढूं नये, हें मी विद्यार्थ्यांना शिकवीत असें; तेव्हां येथेंहि तो काढीत नाहीं. रासायनिक औषध कधींच वापरूं नये, असेंहि माझें म्हणणें नाहीं. दहा बोंडांत एकाहून अधिक बोंडें किडलेलीं दिसूं लागलीं तर तें वापरावेंच लागेल. परंतु तें शेवटचें शस्त्र असावें, पहिलें नसावें. आणि वापरणाऱ्याच्या हातांत मोजे, डोळ्यांवर चष्मा व तोंडावर योग्य मुखवटा असावा, हा खर्च बाटलीच्या खर्चाचाच भाग समजावा.

वहींतील एक रक्कम

आतां राहिलेली गोष्ट. २०१७ सालच्या वहींत त्या मजुराच्या दवाखान्याची रक्कम पुतण्यानें 'धर्मादाय' या सदराखालीं लिहिली होती. त्या वर्षींची वहीहि मीच तपासली होती. बेरीज जुळली, मीं खालीं सही केली, आणि आपल्या पुतण्याचें मन मोठें आहे म्हणून मनांत समाधानहि मानलें. त्या माणसाची महिनोन्महिने बुडालेली मजुरी तर कोणाच्याच वहींत नव्हती.

गेल्या दिवाळींत नवी वही मिटल्यावर मीं ती जुनी वही काढून मागितली. त्या रकमेवर एक रेघ मारली आणि ती 'धर्मादाय' मधून काढून 'कीडनिवारण' या सदराखालीं, औषधें व फवारणीची मजुरी यांच्या खालीं, माझ्या हातानें लिहिली. तिच्याखालीं बुडालेल्या मजुरीसाठीं एक ओळ मोकळी ठेविली. ती रक्कम त्याच्या घरीं जाऊन, विचारून, भरावयाची व त्याला देऊन टाकावयाची, असें आम्हां दोघांचें ठरलें.

वर्षाच्या एकूण खर्चाची बेरीज रेघ मारल्यानें बदलली नाहीं. बदलली ती फक्त कपाशीवरील किडीचा बंदोबस्त आम्हांस कितीला पडला याची. ज्या वाचकांची जमीन गांवाकडे आहे, त्यांनीं येत्या दिवाळींत हिशोब ऐकतांना एवढेंच विचारावें : फवारणी कोणीं केली, आणि त्याची प्रकृति कशी आहे? हा प्रश्न हिशोबाबाहेरचा आहे असें कोणी म्हटलें, तर समजावें कीं हिशोब बरोबर असेल, पण खरा नाहीं.